संहिता बदलते तेव्हा वंशसंहाराबद्दल मुलांना काय सांगावे?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला समजला तो असा. सामूहिक हत्याकांडाच्या जागी उभ्या असलेल्या एका स्मारक-संग्रहालयाच्या शिक्षण विभागात तुम्ही अलीकडेच रुजू झालात. सरकार बदलल्यावर मार्गदर्शकांची संहिता, म्हणजे दालनांत काय सांगायचे याचा ठरलेला मजकूर, नव्याने लिहून आली आणि तिच्यातून एक वाक्य गळले: अटक करायच्या लोकांच्या याद्या तयार करण्यात स्थानिक पोलिसांचा आणि कारकुनांचा हात होता, हे वाक्य. जुने सहकारी म्हणतात की असे पूर्वीही झाले आहे. तुमचे तीन प्रश्न आहेत. दर राजवटीत बदलणाऱ्या या शिक्षणात सत्य कितीसे उरते? शाळेच्या मुलांसमोर उभे राहिल्यावर तुम्ही काय बोलायचे? आणि मुलांनी आज चाललेल्या एखाद्या युद्धाबद्दल विचारले तर काय करायचे?

तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. मात्र त्यामुळे काही गोष्टी मला परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तुमच्याकडे अशा विधानांवर शिक्षा करणारा कायदा आहे का, तुम्ही कायम नोकरीत आहात की कंत्राटावर, विश्वस्त मंडळ नेमण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. या कामात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत आणि अनेक मार्गदर्शकांना तयार केले आहे. तरीही दुसऱ्याच्या नोकरीची किंवा सुरक्षिततेची जोखीम इथे बसून ठरवण्याचा अधिकार मला नाही.

आधी प्रश्न थोडा निराळ्या रीतीने मांडते. एकेकाळी अशी संग्रहालये राजकारणापासून अलिप्त होती आणि आता त्यात राजकारण शिरले, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात यांतील बहुतेक संस्थांचा जन्मच राजकीय निर्णयातून झाला आहे. नाझींच्या संहार-छावणीच्या जागी असलेले ऑश्विट्झचे संग्रहालय २ जुलै १९४७ रोजी पोलंडच्या संसदेने केलेल्या कायद्याने स्थापन झाले. होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, जेरुसलेममधले स्मारक याद वाशेम १९५३ च्या कायद्याने उभे राहिले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाची सुरुवात १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगापासून झाली आणि ते १९९३ मध्ये उघडले. जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या हत्याकांडाचे नानजिंगचे स्मृतिभवन १९८५ मध्ये उघडले, त्याआधी १९८२ मध्ये जपानच्या पाठ्यपुस्तकांवरून मोठा वाद पेटला होता. सगळेच वरून आले असेही नाही. येरेवानमध्ये २४ एप्रिल १९६५ रोजी, आर्मेनियन वंशसंहाराच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत सत्तेला १९६७ मध्ये स्मारक उभे करू द्यावे लागले. संग्रहालय मात्र देश स्वतंत्र झाल्यावर, १९९५ मध्ये झाले. तेव्हा राजकारण आहे की नाही हा प्रश्नच नव्हे. समोर आलेला बदल पुराव्याने घडवला की सोयीने, हे विचारायला हवे. खरी अडचण अशी की ही दोन्ही कारणे पुष्कळदा एकाच वेळी, एकमेकांच्या आडोशाने येतात.

ऑश्विट्झचेच उदाहरण मी प्रत्येक नव्या मार्गदर्शकाला देते. ऑश्विट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊ छावणीतल्या स्मारकावर १९९० पर्यंत अनेक भाषांतले फलक होते आणि इथे चाळीस लाख लोक मारले गेले असे त्यांवर कोरलेले होते. हा आकडा १९४५ च्या सोव्हिएत चौकशी आयोगाचा. दहनभट्ट्यांच्या क्षमतेवरून काढलेला. मृत कोण होते, याचा त्या ओळीत उल्लेख नव्हता. ते नुसतेच ‘लोक’ होते. संग्रहालयातील इतिहासकार फ्रांचिशेक पिपर यांनी कोणत्या देशातून किती माणसे गाड्यांनी आणली गेली याचा माग काढून हिशेब मांडला, तेव्हा मृतांची संख्या सुमारे अकरा लाख निघाली, आणि त्यांतले जवळजवळ दहा लाख ज्यू होते. हे संशोधन आधीपासून चालू होते; उघडपणे मांडता आले ते साम्यवादी राजवट गेल्यावर. नव्या फलकांवर सुमारे पंधरा लाख असा आकडा आहे, आणि मृत हे मुख्यतः युरोपच्या निरनिराळ्या देशांतील ज्यू होते असे स्पष्ट लिहिलेले आहे. संहार नाकारणाऱ्यांनी आकडा कमी झाल्याचा अर्थातच गाजावाजा केला. परंतु आकडा उतरला आणि सत्य वाढले, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही समजावता येते, फक्त हिशेब कसा केला ते दाखवावे लागते. इथे राजकारण बदलले म्हणून दार उघडले, पण त्या दारातून आत आला तो पुरावा. म्हणून ‘सरकार बदलल्यावर झालेला बदल’ एवढ्यावरून कोणताही बदल वाईट ठरत नाही.

जर्मनीतल्या बुखेनवाल्ड या नाझी छावणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि म्हणून शिकवायला अधिक उपयोगी. पूर्व जर्मनीने १९५८ मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारक उघडले. साम्यवादी कैद्यांचा प्रतिकार, हा त्या स्मारकाचा कणा होता. तो प्रतिकार खोटा नव्हता. पण ज्यू, सिंती आणि रोमा (युरोपातले भटके समाज), समलिंगी, ‘समाजविघातक’ म्हणून पकडलेली माणसे या सगळ्यांना त्या कथेत जागा फार थोडी होती. शिवाय १९४५ ते १९५० या काळात सोव्हिएत सत्तेने त्याच जागी स्वतःची छावणी चालवली, तिथे सुमारे २८ हजार माणसे ठेवली गेली आणि ७ हजारांहून अधिक मेली, याबद्दल अक्षरही काढले जात नव्हते. १९९० नंतर दुसऱ्या टोकाचा आग्रह सुरू झाला: दोन्ही छावण्या सारख्याच समजाव्यात. इतिहासकारांनी जी वाट काढली तिच्यामागचे सूत्र मी आजही वापरते. नंतरच्या गुन्ह्यांचा दाखला देऊन नाझी गुन्हे सौम्य करायचे नाहीत, आणि नाझी गुन्ह्यांचा दाखला देऊन नंतरचे गुन्हे क्षुल्लक ठरवायचे नाहीत. ते जागेच्या रचनेतही उतरवले गेले: सोव्हिएत छावणीवरचे प्रदर्शन १९९७ मध्ये मूळ छावणीच्या कुंपणाबाहेर, त्या मृतांच्या दफनभूमीजवळ मांडले गेले.

त्याच छावणीच्या हजेरीच्या मैदानात १९९५ पासून जमिनीत बसवलेली एक धातूची पट्टी आहे. होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ या कलाकारांनी केलेली. तिच्यावर पन्नासहून अधिक राष्ट्रांची आणि समूहांची नावे आहेत आणि ती बारा महिने सदतीस अंश सेल्सियसवर, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी उबदार ठेवली जाते. हिवाळ्यात भोवतीचा बर्फ तिच्यावर टिकत नाही. मुले वाकून तिच्यावर तळहात ठेवतात, आणि मग आपसूक नावे वाचू लागतात. मार्गदर्शकाने तोवर काहीही सांगितलेले नसते. पूर्वी ज्यांना कथेत जागा नव्हती त्यांची नावेही त्या यादीत आहेत. ‘पूर्वी इथे कोणाची नावे घेतली जात नसत?’ हा प्रश्न त्या जागी विचारला की स्मारकाचा स्वतःचा इतिहास धड्यात येतो, आणि तो यायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

राजकारण धड्यात नेमके कुठे हात घालते, हे ओळखायला शिका. उघड खोटे घुसवण्याचे प्रकार होतात, पण कमी. बहुतेक वेळा वाक्यातला कर्ता नाहीसा होतो. ‘याद्या करण्यात आल्या’, ‘त्यांना नेण्यात आले’. तुमच्या संहितेत जे झाले ते हेच. पोलंडमध्ये २०१८ च्या सुरुवातीला झालेल्या कायद्याने नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. जगभरातून टीका झाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये फौजदारी कलमे काढली गेली. पोलंड हा स्वतः आक्रमणाचा बळी होता, लक्षावधी पोलिश नागरिक मारले गेले, आणि तरीही जुलै १९४१ मध्ये येडवाब्ने गावात ज्यू शेजाऱ्यांना जाळणारे हात स्थानिक पोलिश लोकांचे होते. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. मार्गदर्शकाला ती तिन्ही एका श्वासात सांगता आली पाहिजेत, कारण एखादे वगळले की ऐकणारा उरलेल्यांवर विश्वास ठेवत नाही.

कधी बळी कोण हेच बदलते. लिथुएनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या जुन्या इमारतीत १९९२ मध्ये ‘वंशसंहारातील बळींचे संग्रहालय’ सुरू झाले. ते जवळजवळ संपूर्णपणे सोव्हिएत दडपशाहीबद्दल होते. लिथुएनियातील नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू नाझी राजवटीत मारले गेले असताना त्यांच्यासाठी एक छोटी खोली २०११ मध्ये आली, आणि संस्थेचे नाव २०१८ मध्ये बदलले. सोव्हिएत हद्दपारीत भरडलेल्यांचे दुःख खरेच होते. पण नावाने जे सांगितले आणि दालनांनी जे दाखवले त्यात एवढे अंतर असेल तर शिकणारा काय घेऊन जाईल?

रवांडाबाबत मात्र मी घाईने मत देत नाही. १९९४ मध्ये तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना तुत्सी म्हणून हेरून मारले गेले, आणि ‘दोन्ही बाजूंनी संहार झाला’ ही मांडणी नाकारणाऱ्यांचे आवडते हत्यार आहे. त्यामुळे २००८ मध्ये संविधानात ‘तुत्सींविरुद्धचा वंशसंहार’ असे नेमके नाव आले, ते वस्तुस्थितीला धरूनच आहे. पण वंशसंहाराच्या विचारसरणीविरुद्धचे कायदे तिथे इतके सैल शब्दांत लिहिले गेले की मानवी हक्क संघटनांनी त्यांवर वारंवार आक्षेप घेतले. वंशसंहार करणारी राजवट हटवून विजयी झालेल्या सैन्याने मारलेल्या माणसांची चौकशी करणाऱ्यालाही त्यांची भीती वाटू शकते. राजधानी किगालीच्या स्मारकात अडीच लाख माणसे पुरलेली आहेत; तिथे काम करणाऱ्यांवर मी दुरून न्यायनिवाडा करणार नाही. एवढेच सांगेन की नाव अचूक असणे आणि प्रश्नांना मोकळीक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

आणखी एक ठिकाण आहे, जे बाहेरून दिसत नाही: सहलीची नोंदणी. कॅनडात विनिपेगच्या मानवी हक्क संग्रहालयात २०१५ ते २०१७ दरम्यान काही धार्मिक शाळांच्या विनंतीवरून समलिंगी व्यक्तींविषयीचा भाग मार्गदर्शकांना वगळायला लावला जात होता, हे २०२० मध्ये उघड झाले. भिंतीवरचा एकही फलक हलला नव्हता. माझ्या अनुभवात धडा सर्वाधिक बदलतो तो असाच, शाळेच्या शिक्षकाने आदल्या दिवशी केलेल्या फोनवर: अमुक दालन नको, पालक तक्रार करतात. याहून मोठा बदल म्हणजे शाळा येतच नाही. बोस्नियात स्रेब्रेनित्सा इथला बोस्नियन मुस्लिमांचा वंशसंहार युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ च्या निकालात आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला. तरी २०१७ मध्ये रिपब्लिका स्र्प्स्काचे, म्हणजे बोस्नियातल्या सर्बबहुल स्वायत्त भागाचे, अध्यक्ष मिलोराद डोडिक यांनी त्याचा उल्लेख असलेली पाठ्यपुस्तके आपल्या शाळांत चालणार नाहीत असे जाहीर केले. स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या स्मारकातली संहिता कितीही नेटकी असली तरी न आलेल्या मुलांपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून कोणत्या शाळांनी येणे थांबवले आणि कोणी कोणता भाग वगळायला सांगितला, याची नोंद ठेवा. संहितेतल्या बदलांइतकीच ती महत्त्वाची आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. जुनी आणि नवी संहिता शेजारी ठेवून वाक्यागणिक तपासा. काही बदल नव्या संशोधनामुळे झालेले असतील. ते मनापासून स्वीकारा, पूर्वीचे वाक्य तुम्हाला कितीही आवडत असले तरी. काही बदल केवळ भर कुठे द्यायचा याचे असतील. त्यांवर मतभेद असू शकतात आणि त्यासाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. जिथे सिद्ध झालेली गोष्ट काढून टाकली आहे तिथे थांबा आणि लेखी विचारा: हे वाक्य कोणत्या पुराव्यामुळे काढले? तक्रारीच्या सुरात विचारू नका. अभ्यासकाने विचारावे तसे, संदर्भ जोडून विचारा. उत्तर आले नाही तरी प्रश्नाची नोंद दप्तरी राहते.

तुम्ही लिहिता की यादीची मूळ नोंदवही अजून काचेच्या पेटीत आहे. मग तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते तितकी वाईट नाही. संहितेने वाक्य काढले, वस्तू काढलेली नाही. मुलांना पेटीसमोर उभे करा आणि पाहू द्या. मथळे कोणत्या भाषेत आहेत? अक्षर एका हाताचे आहे की अनेक? पत्ते इतके अचूक कोणाला ठाऊक असतील? खाली सही आणि शिक्का कोणत्या कार्यालयाचा आहे? यातले एकही विधान तुमचे नाही, आणि तरी स्थानिक कारकून मुलांना आपोआप दिसतो. वरिष्ठांना यात आक्षेप घेण्यासारखे फारसे उरत नाही, कारण तुम्ही संग्रहातल्या वस्तूचेच वाचन करवून घेत आहात.

छायाचित्रांबाबतही हीच रीत मी वापरते. कंबोडियात नोम पेन्हच्या तुओल स्लेंग या, पोल पोटच्या ख्मेर रूज राजवटीने चालवलेल्या, तुरुंगातले कैद्यांचे फोटो त्यासाठी फार बोलके आहेत. खालच्या परिचयाच्या ओळीविना एक फोटो द्यायचा आणि बराच वेळ काही बोलायचे नाही. मग विचारायचे: हा फोटो कोणी काढला, कोणासाठी, छातीवर क्रमांक कशाला? तो काढणारा मारेकऱ्यांच्या यंत्रणेतला होता, हे मुलांच्या लक्षात येते तेव्हा वर्गातली हालचाल थांबते. त्यानंतर संदर्भ द्यायचा. १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने ख्मेर रूजला हटवल्यावर माइ लाम या व्हिएतनामी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते संग्रहालय झाले, आणि तिथे दोष ‘पोल पोट–इएंग सारी टोळी’वर, म्हणजे राजवटीच्या मोजक्या नेत्यांवर, ठेवला गेला, कारण नव्या सरकारातही पूर्वीचे ख्मेर रूज होते. १९९६ मध्ये त्याच इएंग सारीला राजाज्ञेने माफी मिळाली. पुढे खटले झाले, आणि तुरुंगाचा प्रमुख दुइक याला २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप झाली. फोटोतल्या पुष्कळ कैद्यांबद्दल कळते की ते स्वतःच ख्मेर रूजचे कार्यकर्ते होते. फोटो तोच, भोवतीची ओळ दर दशकात निराळी. हे पाहिलेला विद्यार्थी ‘मग काहीच खरे नाही’ असे म्हणत नाही. तो ओळ आणि फोटो वेगवेगळे वाचायला लागतो.

याला जोडून एक सुचवते. पुरावा जितका संग्रहालयाबाहेर पसरलेला, तितका तो एका आदेशाने पुसता येत नाही. ढाक्याचे मुक्तियुद्ध संग्रहालय १९९६ पासून आहे आणि त्याने विद्यार्थ्यांना आपल्या घरातल्या, ओळखीतल्या प्रत्यक्षदर्शींकडून १९७१ च्या आठवणी लिहून आणायला लावल्या. त्या देशात स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली याचे पाठ्यपुस्तकातले उत्तर सरकारागणिक बदलत आले आहे. पण आजीने सांगितलेले नातवाच्या हस्ताक्षरात राहते. स्मृती चुकते, म्हणून अशी प्रत्येक साक्ष कागदपत्रांशी ताडून पाहावी लागते, हेही मुलांना त्याच वेळी शिकवावे.

आजच्या युद्धांबद्दलचा तुमचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि गप्प बसणे हे त्याचे उत्तर नाही. मुले गाझाबद्दल विचारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने ‘पुन्हा कधीही नाही’ हे केवळ ज्यूंपुरते असू शकत नाही अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमावर टाकला आणि टीका झाल्यावर काढून घेतला. दोन्ही बाजूंचा दबाव किती आहे ते यावरून कळते. मी १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या मुलांपुढे ठेवते: कोणती पाच कृत्ये, कोणत्या चार प्रकारच्या समूहांविरुद्ध, आणि तो समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. हेतू सिद्ध करणेच सर्वांत कठीण असते हे स्रेब्रेनित्साच्या निकालावरून दाखवते. मग आजची स्थिती जशी आहे तशी सांगते. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलविरुद्ध खटला दाखल केला, न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिले, अंतिम निकाल आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला आणि इस्रायलने तो फेटाळला. ज्याचे नातेवाईक तिथे आहेत असे मूल वर्गात असू शकते, कोणत्याही बाजूचे; म्हणून मत मागण्याआधी ऐकून घ्या. आणि हीच पद्धत सर्व संघर्षांना लावा. एका देशाबाबत व्याख्या काटेकोर आणि दुसऱ्याबाबत सैल, हे मुले लगेच ओळखतात.

सत्ताबदलाची दिशा पाहून बाजू घेऊ नका, हे सांगताना मला पोलंडमधले ग्दान्स्कचे दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय आठवते. मार्च २०१७ मध्ये ते उघडले आणि पुढच्याच महिन्यात संचालक पावेल माख्सेविच यांना हटवले गेले. प्रदर्शनात बदल झाले, आणि मूळ कर्त्यांनी न्यायालयात दाद मागितली. पुन्हा सरकार बदलल्यावर, २०२४ मध्ये, नव्या व्यवस्थापनाने मधल्या काळात आलेले काही भाग काढले. त्यांत ज्यूंना आसरा दिल्याबद्दल मारल्या गेलेल्या उल्मा कुटुंबाचाही भाग होता. विरोध झाल्यावर तो पुन्हा ठेवण्याचा निर्णय झाला. ज्यांच्या बाजूने आपले मन झुकते त्यांनी काढलेले वाक्यही त्याच कसोटीवर घासून पाहावे लागते.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न. वाक्य वगळून काम करणे मी कठीण काळात समजू शकते, विशेषतः वस्तू बोलत असेल तर. परंतु याद्या परक्यांनीच केल्या असे उघड असत्य मुलांसमोर म्हणायला सांगितले, तर ते म्हणू नका. त्या दालनाची जबाबदारी दुसऱ्याला देण्याची लेखी विनंती करा, आणि ती नाकारली गेली तर संग्रह किंवा अभिलेख विभागात बदली मागा. तिथे मुलांसमोर उभे राहावे लागत नाही, आणि नोंदवह्या सांभाळायला माणसे नेहमीच कमी असतात. हे पाऊल टाकण्याआधी तुमच्या देशातला कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोला, आणि दोन्ही संहितांच्या तारखेसह प्रती संस्थेच्या अभिलेखागारात रीतसर नोंदवून ठेवा.